हापूस, सुरमई आणि आंग्रिया : माणसांच्या नावांचे शब्द कसे होतात

१७६५ साली इंग्रजांच्या आरमाराने मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव बदलून ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं. पुढच्याच वर्षी किल्ला कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि त्याबरोबर ते नावही गेलं. आज मालवणच्या जेटीवर ‘ऑगस्टसला सोडा’ म्हटलं, तर होडीवाला फार तर ‘ऑगस्टात होडी बंद असता’ असं सांगेल. मात्र ज्या रोमन सम्राटाचं मूळचं हे नाव, तो या किनाऱ्यावरून पुरता हललेला नाही. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि मच्छीमारांचा हंगाम १ ऑगस्टला उघडतो. जुलै हा ज्युलियस सीझरचा महिना, ऑगस्ट हा ऑगस्टसचा. तोफा डागून किल्ल्याला चिकटवलेलं नाव धड दोन वर्षं टिकलं नाही. पंचांगात शिरलेलं नाव दोन हजार वर्षं चाललं आहे.

व्यक्तीच्या नावाचा शब्द होतो, तो असा. नाव कोणी ठेवलं याला फारसं महत्त्व नसतं. रोजच्या व्यवहारात ते किती जणांच्या तोंडी बसलं, यावर सगळं ठरतं. इंग्रजीत अशा नावाचं पहिलं अक्षर मोठ्याचं लहान झालं की त्याचा शब्द झाला असं समजतात. देवनागरीत ती सोय नाही. आपली परीक्षा व्याकरण घेतं. नावाला लिंग मिळालं, अनेकवचन मिळालं, प्रत्यय लागताना रूप बदलू लागलं, त्यातून विशेषणं फुटू लागली, की ते नाव त्या माणसाच्या मालकीचं उरत नाही. ही फूटपट्टी घेऊन सिंधुदुर्ग जिल्ह्यात हिंडलं, तर बाजारात, अंगणात, ताटात आणि समुद्राच्या तळाशीही माणसं सापडतात.

समुद्रातले आंग्रे

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राच्या पोटात प्रवाळांचं एक मोठं पठार आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं नाव ‘आंग्रिया’ असं लिहिलेलं असे आणि तेच रूप समुद्राच्या नकाशावर चढलं. ज्यांची जहाजं आंग्र्यांच्या धाकाने किनाऱ्यापासून लांबून जात, त्यांच्याच भाषेतल्या उच्चाराने आंग्र्यांचं नाव पाण्याखाली कायमचं कोरलं गेलं. १७५६ साली इंग्रजांच्या क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला. ते नाव मात्र त्यांना घेता आलं नाही. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर निघालेल्या पर्यटकांच्या जहाजालाही ‘आंग्रिया’ हेच नाव मिळालं.

यातला मजेदार भाग असा की आंग्रे हे आडनावच मुळी आंगरवाडी या गावावरून आलेलं. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. म्हणजे गावावरून माणूस आणि माणसावरून पुन्हा जागा, असा फेरा पुरा झाला. सावंतवाडीची गोष्ट याच जातीची. मूळच्या सुंदरवाडीला राज्यकर्त्या सावंत-भोसल्यांवरून सावंतांची वाडी म्हणू लागले. ‘सावंत’ हे ‘सामंत’चंच रूप, म्हणजे आधी पद, मग आडनाव, मग शहर. जिल्ह्यातले लोक तर नुसतं ‘वाडी’ म्हणून मोकळे होतात. इतक्या पायऱ्या चढून आलेला सावंत शेवटी बोलण्यातून गळून पडतो आणि कोणाचं काही अडत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे, ते छत्रपती राजारामांच्या काळातलं. राजाच्या नावाला ‘ईश्वर’ जोडून देवाचं नाव करायचं, ही दक्षिणेची जुनी रीत. तंजावरच्या मोठ्या देवळाचं मूळ नाव राजराजेश्वर, ते राजराज चोळावरून; पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आधी लोकेश्वर होतं, ते राणी लोकमहादेवीवरून. त्या देवळांत नाव देऊळ बांधणाऱ्याचं आणि मूर्ती महादेवाची. मालवणात मूर्तीही शिवरायांचीच आहे, हा फरक. देवळाच्या नावात महाराज पूजेचे झाले आणि ‘शिवराई’त व्यवहाराचे. तांब्याचं ते नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात होतं. ती शिवराई, दोन शिवराया: व्याकरणाची परीक्षा नाव इथे पूर्णपणे उत्तीर्ण झालं आहे.

आल्बुकर्कचा आंबा

या सगळ्यात बाजारभाव अर्थातच हापुसाला. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० साली गोवा जिंकला आणि १५१५ साली तो तिथेच वारला. त्याच्या नावावरून या आंब्याचं नाव पडलं असं सर्वत्र सांगितलं जातं. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या हातून, आंब्यावर कलमं बांधण्याचं काम वाढलं. कोयीपासून उगवलेल्या झाडाचा काही भरवसा नाही. कलम केलं की आईसारखीच लेक. त्यामुळे एकेका झाडाचा वंश पक्का झाला आणि पक्क्या वंशाला पक्कं नाव लागलं. गोव्यात फर्नांदिन, हिलारिओ, झेवियर अशी माणसांच्या नावांची आंब्यांची पंगतच आहे. याउलट आपल्याकडचे रायवळ आंबे. त्यांना घराघरांतून आकारावरून, चवीवरून, झाडाच्या जागेवरून नावं दिली गेली आणि त्या त्या वाडीपलीकडे ती फारशी गेली नाहीत. नाव दूरवर जायला कलम लागतं, तसाच व्यापारही लागतो.

अफोन्सोचा आफूस झाला आणि आफुसाचा हापूस. ‘फ’चा ‘प’ झाला, सुरुवातीला ‘ह’ आला आणि पोर्तुगीज सेनानी मराठी कपडे घालून देवगडच्या कातळावर उभा राहिला. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कायद्याच्या भाषेत आता हे नाव प्रदेशाचं आहे. पेटीवर ‘देवगड हापूस’ वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिला शब्द महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्यात कोणी माणूस दडला असेल अशी शंकाही त्याला येत नाही. नवीन वाणांच्या बाबतीत तर माणूस बाजूलाच राहिला. नीलम आणि हापूसच्या संकराला ‘रत्ना’ म्हटलं गेलं, पुढे रत्ना आणि हापूसच्या संकराला ‘सिंधू’. दोन्ही नावांमागे कोकणातले दोन जिल्हे उभे आहेत.

ताटातले फ्रेंच

शास्त्रीय नावांचा कारखाना वेगळा. तिथे नाव ठेवणारा, ठेवण्याचं साल आणि कारण यांची नोंद असते, आणि मालवणी जेवणाचं ताट त्या नोंदीतून पाहिलं तर पंगतीला बरेच परदेशी पाहुणे बसलेले दिसतात. सोलकढीतला कोकम म्हणजे ‘गार्सिनिया इंडिका’. लॉरां गार्सां हा डच कंपनीच्या जहाजांवरचा फ्रेंच वंशाचा वैद्य. त्याच्या सन्मानार्थ लिनियसने हे कुळाचं नाव दिलं. मांदेलीच्या ‘कोइलिया दुसुमिएरी’ या नावात बोर्दोचा जहाजमालक आणि संग्राहक द्युसुमिए बसला आहे.

सुरमईची गोष्ट सर्वांत लांबची. तिचं नाव ‘स्कोम्बेरोमोरस कॉमर्सन’. फिलिबेर कॉमर्सन हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७६६ ते १७६९ या काळातल्या लुई आंत्वान द बोगनव्हिल याच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेत निघाला होता. १७७३ साली तो मॉरिशसला वारला. त्याच्या टिपणांचा आधार घेऊन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेदने पुढे या माशाचं वर्णन केलं आणि नाव कॉमर्सनचं दिलं. प्रवासात ब्राझीलमध्ये मिळालेल्या एका झुडपाला कॉमर्सनने आपल्या कप्तानाचं नाव दिलं होतं. तीच आपली बोगनवेल. मालवणच्या एखाद्या घरात सुरमई तळली जात असते आणि कंपाउंडवर बोगनवेल फुललेली असते, तेव्हा एकाच मोहिमेतले दोघे जण त्या घरी असतात.

आणि मराठीची करामत पाहा. ‘बोगनव्हिल’मधल्या ‘व्हिल’ला तिने ‘वेल’ करून टाकलं. आता ती बोगनवेल, तिच्या बोगनवेली आणि ‘बोगनवेलीवर’ प्रत्यय बिनबोभाट चढतो. फ्रेंच आरमाराच्या अधिकाऱ्याला इतकं सहज स्त्रीलिंगी करणारी दुसरी भाषा शोधावी लागेल.

त्या मोहिमेतलं तिसरं माणूस मात्र बराच काळ नावाविना राहिलं. झान बारे ही कॉमर्सनची मदतनीस. स्त्रियांना जहाजावर मज्जाव असल्यामुळे ती पुरुषाच्या वेशात चढली, आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिची गणना होते. नमुने गोळा करण्यात तिचा मोठा वाटा होता. तिच्या नावाची वनस्पती शास्त्रात दाखल व्हायला २०१२ साल उजाडलं.

देवळासमोरच्या चाफ्यातही अशीच एक साखळी आहे. खुरचाफा म्हणजे प्लुमेरिया, तो फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए याच्यावरून. सोनचाफा पूर्वी इटालियन मिकेलीच्या नावाने ‘मिचेलिया’ होता. आता तो ‘मॅग्नोलिया’त मोडतो, म्हणजे पिएर मान्योलच्या नावाखाली आला. आणि मान्योलचं नाव झाडाला देणारा कोण, तर हाच प्लुमिए. आपल्याकडे दोन्ही चाफेच आणि दोन्ही देवाला चालतात.

उलट्या दिशेची उदाहरणंही आहेत. अमेरिका खंडातून इकडे आलेल्या दोन फळांना आपण सीताफळ आणि रामफळ म्हणतो. दशावताराच्या सुरुवातीला वेद पळवणारा काळा संकासूर रंगमंचावर नाचतो. लाल-पिवळ्या तुऱ्यांच्या एका झुडपालाही आपण शंकासूर म्हणतो. युरोपियनांनी आपल्या कोकमाला गार्सांच्या घरात घातलं, आपण अमेरिकेतल्या फळांना अयोध्येला आणून बसवलं. हिशेब फारसा उरत नाही.

बापाचं नाव गोठतं तेव्हा

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या ख्रिस्ती घरांतली आडनावं हा या विषयाचा स्वतंत्र कप्पा आहे. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, लोपीस म्हणजे लोपोचा. शेवटचा प्रत्यय ‘चा मुलगा’ एवढंच सांगतो. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घेण्याची चाल असल्यामुळे पोर्तुगालातल्या कोणा फर्नांदोचा मुलगा कोकणात हजारो घरांत जन्माला आला. शेजारच्या हिंदू घरातही बापाचं नाव मधे असतंच. फरक एवढाच की ते दर पिढीला बदलतं. इकडे ते एकदा आलं आणि गोठलं. ‘मालवणकर’, ‘देवगडकर’ म्हणणारे गावाला धरून राहिले, ‘फर्नांडिस’ म्हणणारे माणसाला.

गोष्टीतून आलेली माणसं

मराठीत अशा शब्दांचा सर्वांत मोठा साठा मात्र पुराणांतून आणि इतिहासातून आला. भगीरथ प्रयत्न, भीष्मप्रतिज्ञा, लक्ष्मणरेषा, रामबाण, रामप्रहर. भांडणं लावणारा कळीचा नारद, अधांतरी लटकलेला त्रिशंकू, झोपाळू कुंभकर्ण, भीमसेनी कापूर. या यादीत पुरुषांच्या वाट्याला पराक्रम, प्रतिज्ञा, राग, झोप असे सगळे गुणावगुण येतात. बायकांच्या वाट्याला सती सावित्री तरी, नाही तर मंथरा, पूतना, कैकेयी. शब्दकोशाने समाजाचा हिशेब असा न सांगता मांडलेला असतो.

इतिहासाने ‘नादिरशाही’ दिली, ‘तुघलकी’ कारभार दिला. रामशास्त्री प्रभुण्यांनी निःस्पृह न्यायाधीशाला नाव पुरवलं. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री तेराव्या शतकातला. पण चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं दगडी देऊळ आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो, त्याच्या जन्माआधीचं असलं तरी. सर्वांत लांबून आला तो अफलातून. ग्रीक प्लेटोचं अरबीत ‘अफलातून’ झालं आणि मराठीत ते ‘भन्नाट’च्या शेजारी जाऊन बसलं. एका मिठाईलाही तेच नाव आहे. तत्त्वज्ञ विसरून त्याच्या नावाने तूप-रवा खाण्याइतकं हे नाव आपलं झालं.

इंजिन, बत्ती आणि गाडी

नव्या काळात नावं यंत्रांतून आली. मच्छीमार संस्थांच्या बैठकीत हमखास निघणारा विषय म्हणजे डिझेल परतावा. रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लिश खाडी ओलांडताना ‘ड्रेस्डेन’ या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. इंजिनाला नाव देणारा माणूस समुद्रानेच घेतला. वीज पोचण्याआधी दशावताराचे रात्रीचे प्रयोग ज्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात होत, तिच्या नावातला ‘मॅक्स’ म्हणजे बर्लिनचा कारखानदार माक्स ग्रेट्झ. चहात बुडवायचं मारी बिस्किट १८७४ सालच्या एका शाही लग्नातलं, रशियाच्या मारिया अलेक्झांड्रोव्हनाच्या नावाचं. आणि घाटातून वऱ्हाड घेऊन उतरणारी सुमो जपानी पैलवानाची नव्हे. टाटा मोटर्सच्या उभारणीतले सुमंत मुळगावकर यांच्या नाव आणि आडनावाची इंग्रजीतली पहिली अक्षरं जोडून तिचं नाव झालं.

पुढची नावं

हे सगळं एकत्र पाहिलं तर दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली: नावाचा शब्द पूर्ण होतो तेव्हा माणूस विसरलेला असतो. डिझेल भरताना डिझेल आठवला, तर शब्द अजून कच्चा आहे. दुसरी: नाव टिकलं ते ज्याच्या हाती वही, नकाशा किंवा वखार होती त्याचं. हापूसचं पहिलं कलम प्रत्यक्ष बांधणारा हात, कॉमर्सनला मासा पकडून देणारा कोळी, आंग्र्यांच्या गलबतांचे तांडेल यांची नावं शब्दांत आली नाहीत.

अलीकडे वही थोडी इकडे सरकते आहे. महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटात सापडलेल्या पालीच्या एका जातीला २०१९ साली सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांचं नाव मिळालं. आंबोलीच्या हिरण्यकेशी देवळाजवळच्या कुंडातल्या माशाला २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हटलं गेलं आणि पुढच्या वर्षी राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथे शोधणाऱ्याने स्वतःचं किंवा कोण्या साहेबाचं नाव न देता नदीचं दिलं.

शास्त्राचं काम शास्त्रज्ञ करतील. गावोगावची खडपं, विहिरी, पाणंदी, कलमांच्या बागा आणि जुनी रायवळ झाडं ज्यांच्या नावाने ओळखली जातात, त्यांची यादी मात्र गावातल्याच कोणीतरी करायला हवी. ती माणसं सातबाऱ्यावर नसतात, नकाशावर नसतात. ती फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतात. या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी एक वही घेऊन आजीशेजारी बसावं आणि ‘ह्या झाडाक ह्या नाव कित्या?’ एवढंच विचारावं.