दाखल झाल्यावर लागणारा न्यूमोनिया

खुब्याचे हाड मोडून दाखल झालेल्या आजींना चौथ्या दिवशी ताप येतो, धाप लागते. भरती होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झालेला हा रुग्णालयजन्य न्यूमोनिया. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडात, घशात काही दिवसांतच रुग्णालयातले जंतू वस्ती करतात आणि लाळेबरोबर नकळत फुफ्फुसात उतरतात. श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी असली की धोका आणखी वाढतो.

आपल्या अतिदक्षता विभागांत अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास हे जंतू वारंवार सापडतात. कार्बापेनेमसारखी भारी प्रतिजैविकेही त्यांतल्या अनेकांवर चालत नाहीत. मग कोलिस्टिनकडे वळावे लागते, आणि त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणूनच शक्यतो पहिल्या डोसाआधी बेडक्याचा नमुना कल्चरला पाठवायचा, अहवाल आला की औषध नेमके करायचे. २०१६च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार बहुतेकांना ७ दिवसांचा कोर्स पुरतो. ‘आणखी चार दिवस द्या’ हा घरच्यांचा आग्रह काळजीपोटी असतो, पण विनाकारण लांबवलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात.

घरच्यांनी आग्रह धरावा तो रोज दात घासून देण्याचा, डॉक्टरांना विचारून उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवण्याचा आणि रुग्णाला लवकर उठवून बसवण्याचा.