आरोग्य सेविका रजेवर असताना
जिल्हा परिषदेच्या शाळांत सहसा स्वतंत्र परिचारिका नसते. ते काम उपकेंद्रातील आरोग्य सेविका आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथके करतात. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल-चोपडा भागात, एक सेविका रजेवर गेली की तिचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या सेविकेकडे येतो. लसीकरणाचे दिवस ठरलेले असतात. परंतु कोणते मूल सिकलसेलग्रस्त आहे, हे तिला ठाऊक नसते. अशा मुलास ताप आल्यास तातडीने उपचार आवश्यक असतात. म्हणून मुख्याध्यापकांनी या मुलांची अद्ययावत यादी ठेवावी आणि बदली सेविकेस पहिल्याच दिवशी दाखवावी. रजा हा सेविकेचा हक्क आहे. अखंड उपचार हा मुलाचा.