कयाधूकाठचा धर्माभ्यास

हिंगोली जिल्हा १९९९ च्या महाराष्ट्रदिनी परभणीपासून विभक्त झाला खरा. परंतु या मुलखातील तरुणांच्या वाट्यास विद्यापीठीय शिक्षणात धर्म हा विषय कोणत्या रूपाने आला, याचा मागोवा घ्यावयाचा तर निजामी अमदानीपर्यंत मागे जाणे प्राप्त आहे.

१९१८ साली शाही फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, धर्मशास्त्राची स्वतंत्र शाखा होती, आणि मुसलमान विद्यार्थ्यांस दीनियात, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षण, सक्तीचे, तर इतरांस त्याऐवजी नीतिशास्त्र, अशी वहिवाट होती. शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्याची तजवीज या व्यवस्थेत नव्हती. १९३८ मध्ये तेथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांची हकालपट्टी झाली व त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, तेव्हा या उणिवेची किंमत सर्वांसच कळली असावी. सर्व धर्म एकत्र ठेवून पाहण्याची विद्या मराठी माणसास अपरिचित होती असेही नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ती शिकून आले होते, मात्र त्यासाठी त्यांस ऑक्सफर्ड गाठावे लागले.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मनेत्यांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतील निवडक वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न, असा सुरेख क्रम सुचविला. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई केली. धर्मांविषयीचे शिक्षण ही वेगळी बाब होय, हे कोठारी आयोगाने पुढे स्पष्ट केले, तरी अभ्यासमंडळांचा संकोच काही सुटला नाही. १९५८ मध्ये औरंगाबादेस व १९९४ मध्ये नांदेडास विद्यापीठ आले. धर्म मात्र बहुधा संतसाहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या प्रश्नपत्रिकांत वाटला गेला.

आणि हे कोठे, तर जेथे औंढ्याच्या नागनाथाचा नंदी देवळाच्या पाठीमागे बसलेला आहे! नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी त्याची कथा. नामदेवांस विसोबा खेचरांचा उपदेश झाला तो येथेच. शिरड शहापुरास मल्लिनाथाचे जैन मंदिर आहे, आणि कयाधूकाठच्या नरसीस, नामदेवांचे जन्मस्थान म्हणून, वारकऱ्यांइतक्याच भक्तीने शीख यात्रेकरू येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्या ग्रंथाचा इतर धर्मांच्या सान्निध्यात अभ्यास करण्यासाठी पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९६७ मध्येच स्वतंत्र धर्माध्ययन विभाग काढला.

नामदेवांची मराठी गाथा आणि ही पदे शेजारी ठेवून वाचणे हे काम मुख्यतः नरसी-औंढ्याच्या पदवीधरांचे आहे. त्यांनी ग्रंथसाहिबाची गुरुमुखी लिपी शिकून घ्यावी. ती जाणणारी माणसे शोधावयास दूर जावयास नको, सचखंड हजूर साहिब नांदेडातच आहे.