झाकल्या मुठीचा स्वस्त भाव

हॉटेलची खोली हा मोठा विचित्र माल आहे. आज रात्री ती रिकामी राहिली, तर तेवढी विक्री कायमची बुडाली. मग संध्याकाळी मिळेल त्या भावाने ती देऊन का टाकू नये? पण दोनशे डॉलरची खोली ऐंशीला मिळते, ही बातमी फुटली की दोनशे मोजणारी गिऱ्हाइकंही वाट बघत बसणार. म्हणजे हॉटेलला स्वस्त विकायचं तर आहे, पण आपण स्वस्त विकतो हे कोणाला कळू द्यायचं नाही!

अमेरिकेत जे वॉकर यांच्या प्राइसलाइन या संकेतस्थळाने १९९८मध्ये या पेचावर अफलातून तोड काढली. भाव ग्राहकानेच सांगायचा. सुरुवात विमानाच्या तिकिटांपासून झाली, मागोमाग हॉटेलं आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या कल्पनेला पेटंटही मिळालं. तुम्ही शहरातला परिसर, तारांकन आणि तारखा निवडायच्या, कार्डाचा नंबर देऊन बोली लावायची. हॉटेलांनी गुपचूप कळवलेल्या दरांपैकी एखादा तुमच्या बोलीत बसला, की पैसे तिथल्या तिथे कापले जात. हॉटेलचं नाव कळे ते त्यानंतर. आता माघार नाही, परतावा नाही. बोली आणि दर यांतला फरक प्राइसलाइनच्या खिशात.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथे मूठ झाकलेली होती म्हणूनच स्वस्त पडत होती. ज्याला बैठकीसाठी ठरावीक हॉटेलच हवं, तो या वाटेला जाणार नाही आणि पूर्ण भाव मोजील, हे हॉटेलवाले जाणून होते.

मग चाळीसपासून सुरू करून पाच-पाच डॉलर चढत का जाऊ नये? तेवढ्यासाठीच नियम होता: बोली नाकारली गेली, तर तीच मागणी चोवीस तास पुन्हा करता येणार नाही. मात्र मागणीत काही बदललं, उदाहरणार्थ एखादा परिसर वाढवला, तर लगेच नवी बोली लावता येई.

खरी गंमत इथेच आहे. समजा, तुम्हाला शहराच्या मध्यभागी चार तारांकित खोली हवी आहे. त्याच शहरातल्या तीन परिसरांत चार तारांकित हॉटेल एकही नाही. पहिली बोली फक्त मध्यभागासाठी, साठ डॉलर. नकार. आता विमानतळाचा परिसर जोडा आणि सत्तर म्हणा. संगणकाच्या लेखी ही नवी मागणी. पण विमानतळाजवळ चार तारांकित काहीच नसल्याने खोली मिळाली तर मध्यभागीच मिळणार! दुसरा रिकामा परिसर जोडून ऐंशी, तिसरा जोडून नव्वद. तीन रिकाम्या परिसरांच्या जोरावर एकाच बैठकीत चार बोली. जिथे आपल्याला हवं ते काहीच नाही, तेच परिसर सर्वांत कामाचे!

धोकाही तिथेच दबा धरून असे. ‘रिकाम्या’ परिसरात नवं चार तारांकित हॉटेल यादीत आलं असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल, तर मुक्काम थेट विमानतळाशेजारी. म्हणून मुरलेले प्रवासी आधी परिसरवार यादी तपासत, उघड दर पाहून कमाल आकडा ठरवत आणि बोलीवर कर व शुल्क वेगळं लागतं हे हिशेबात धरत.

ही आडवाट इतकी रंजक, की स्कॉट फे यांनी तिचं गणित मांडणारा शोधनिबंध २००४मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

हॉटेलांसाठीची ती बोली आता बंद झाली आहे. प्राइसलाइनच्या ‘एक्सप्रेस डील्स’मध्ये भाव समोर दिसतो, नाव मात्र पैसे भरेपर्यंत झाकलेलंच असतं. बोली लावण्याची कला कालबाह्य झाली, पण तिच्यामागचा सौदा जुनाच आहे: निवडीचा हक्क जितका सोडाल, तितकी खोली स्वस्त.