रंगीत मॉकटेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॉकटेल म्हणजे फळांचे रस, सिरप, सोडा आणि बर्फ यांचे मद्यविरहित मिश्रण. बारशापासून लग्नाच्या स्वागत समारंभापर्यंत ते आता सगळीकडे दिसते आणि त्याची चर्चा चवीपेक्षा रंगामुळे अधिक होते. हा रंग फळाफुलांतल्या नैसर्गिक रंगद्रव्यांतून तरी येतो किंवा बाटलीबंद सिरपमध्ये मिसळलेल्या कृत्रिम रंगांतून तरी. दोन-तीन रंग एकाच ग्लासात वेगळे राहतात ते द्रवांच्या घनतेमुळे. या पेयांविषयीचे बहुतेक गैरसमज एका समजुतीतून निघतात: रंग पाहिला की फळ, चव आणि शुद्धता कळते. प्रत्यक्षात रंगावरून यांपैकी काहीच खात्रीने सांगता येत नाही.

रंगावरून फळ ओळखता येते?

वाळ्याचे सरबत हिरवे असते असे बहुतेकांना वाटते. वाळा हे एका गवताचे मूळ. सुकलेले मूळ फिकट तपकिरी असते आणि ते भिजवलेल्या पाण्याला सुगंध येतो, हिरवेपणा येत नाही. दुकानातल्या सिरपचा गडद हिरवा रंग साधारणपणे टारट्राझिन हा पिवळा आणि ब्रिलियंट ब्ल्यू हा निळा रंग मिसळून आणलेला असतो. गुलाबाच्या सिरपचीही तीच गत आहे. गुलाबपाणी रंगहीन असते आणि पाकळ्यांच्या अर्काचा रंग फिकाच राहतो. बाटलीतला भडक लाल वेगळा घातलेला असतो. ग्रेनेडिन हे मुळात डाळिंबाचे सिरप, पण त्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत डाळिंब नसते.

समारंभांत लोकप्रिय असलेल्या निळ्या ‘ब्ल्यू लगून’मध्ये ब्लूबेरी असते, हाही असाच समज. त्यात ब्ल्यू क्युरासाओ वापरतात. त्याचा स्वाद कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटावरच्या कडू संत्र्याच्या सालीचा, आणि निळा रंग पूर्णपणे वरून घातलेला. डोळे मिटून प्यायल्यास ते संत्र्याचे पेय वाटते. इथे यजमानाने एक काळजी घ्यायला हवी. मूळ क्युरासाओ हे मद्य आहे, मॉकटेलसाठी मिळते ते मद्यविरहित सिरप, आणि दोन्हींचा रंग सारखाच असतो. लेबल न वाचता बाटली उचलणे धोक्याचे.

बाटलीत काय आहे हे घटकांच्या यादीतून समजते. घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात. पहिले नाव साखरेचे आणि शेवटी कुठेतरी फळाचे असेल, तर ते सिरप कशाचे आहे हे उघड आहे. रंग ‘आयएनएस’ क्रमांकाने दिलेले असतात: १०२ म्हणजे टारट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पाँसो ४आर, १३३ ब्रिलियंट ब्ल्यू.

परवानगी आहे म्हणजे कितीही चालते?

कृत्रिम रंगांबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणजे सगळे रंग विषारी. दुसरे, सरकारची परवानगी आहे म्हणजे हात सैल सोडायला हरकत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि तयार पदार्थात साधारणपणे किलोमागे १०० मिलिग्रॅम या मर्यादेत. एक लिटर सरबतासाठी ही मर्यादा ग्रॅमचा दहावा भाग एवढी होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती मोजता येत नाही. आधीच रंगीत असलेल्या सिरपमध्ये ‘जरा उठाव यावा’ म्हणून चिमूटभर पूड टाकली, तर मर्यादा कधी ओलांडली हे कोणालाच कळणार नाही.

२००७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या साउदम्प्टन इथल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाचा संबंध मुलांच्या वाढलेल्या चंचलतेशी आढळला. निष्कर्षांवर मतभेद झाले. तरी २०१०पासून युरोपीय संघात त्यांतले सहा रंग असलेल्या पदार्थांवर मुलांबाबतचा इशारा छापावा लागतो. त्या सहापैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे चार भारताच्या परवानगीच्या यादीत आहेत. मुलांच्या वाढदिवशी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

खरा धोका यादीबाहेरच्या रंगांचा आहे. ऱ्होडामाइन बी हा चमकदार गुलाबी रंग कापड उद्योगातला. २०२४मध्ये तो ‘बुढ्ढी के बाल’मध्ये सापडल्यावर तमिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांनी कारवाई केली. सुटा, बिनलेबलाचा रंग सरबतात घालू नये, एवढे पुरे.

नैसर्गिक रंग फिका आणि लहरी असतो?

नैसर्गिक रंग बेभरवशाचा वाटतो, कारण तो आंबटपणाप्रमाणे बदलतो. हा बदल ठरलेल्या नियमाने होतो आणि तो माहीत असला की त्याचाच खेळ करता येतो.

कोकम, जांभूळ, लाल कोबी आणि गोकर्णाचे फूल या सगळ्यांत अँथोसायनिन गटातली रंगद्रव्ये आहेत. तीव्र आम्लात ती लाल दिसतात, आम्लता उतरत गेली की जांभळी-निळी होतात आणि अल्कलीत हिरवट-पिवळी पडतात. कोकमाच्या फळाच्या, म्हणजे रातांब्याच्या, सालीत सायनिडिनवर्गीय अँथोसायनिन असते आणि भरपूर आम्लही असते, म्हणून कोकमाचा लाल रंग आपोआप टिकतो; त्यात लिंबू पिळून काही साधत नाही. मात्र प्रकाश आणि उष्णता त्याला मानवत नाहीत. पारदर्शक बाटलीत खिडकीत ठेवलेले सिरप काही आठवड्यांत तपकिरी होते, तेच फडताळात किंवा फ्रीजमध्ये लाल राहते. पार्टीसाठी कोकम निवडताना आणखी एक घोळ होतो. आगळ हा मीठ घातलेला दाट रस, तर अमृत कोकम हे साखरेतले सिरप. पहिले सोलकढीचे, दुसरे मॉकटेलचे. आगळ घालून गोड पेय करायला गेल्यास ते खारट होते.

सोलकढीचा गुलाबीपणाही रंगद्रव्याच्या याच स्वभावातून येतो. नारळाच्या दुधाने कोकमाची आम्लता उतरते, शिवाय दुधाचा पांढरेपणा मिसळतो. आगळ कमी पडले तर कढी निळसर-करडी दिसते, ती बिघडलेली नसते. भडक गुलाबी सोलकढी म्हणजे अस्सल कोकम, हे मात्र खरे नाही. बीट घालूनही तो रंग आणला जातो. बिटातले रंगद्रव्य बेटालेन, आणि ते आम्लाला फारसे दाद देत नाही. थोडे सरबत पाण्यात पातळ करून त्यात खायचा सोडा मिसळत गेल्यास कोकमाचा लाल रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो. लालच राहिला तर रंग बिटाचा किंवा कृत्रिम समजावा. तपासणीचा नमुना अर्थातच पिण्यासाठी नसतो.

निळ्या रंगासाठी गोकर्ण सर्वांत सोयीचे. थायलंड आणि मलेशियात ते पेयांत व भातात पूर्वीपासून वापरले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१मध्ये त्याच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. आठ-दहा सुक्या फुलांवर कपभर गरम पाणी ओतले की पाच मिनिटांत गडद निळा अर्क मिळतो. त्यात लिंबाचा रस पडताच तो जांभळा होतो, आणखी पिळल्यास गुलाबीकडे जातो. पाहुण्यांसमोर हा बदल घडवायचा असेल तर लिंबू आधी घालून ठेवू नये. साध्या सोड्यातले आम्ल सौम्य असल्याने त्यात निळा रंग बऱ्यापैकी टिकतो. लिंबाच्या स्वादाच्या शीतपेयात टिकत नाही. गोकर्णाला स्वतःची चव जवळजवळ नसते, तेव्हा निळे म्हणून ते चविष्ट होईल ही अपेक्षा करू नये. पांढऱ्या गोकर्णातून निळा रंग येत नाही. शेंगा-बिया वापरायच्या नाहीत, कारण बिया रेचक असतात. घ्यायच्या त्या पाकळ्याच.

पुदिन्याच्या रंगाला मात्र आम्ल मानवत नाही. कापलेले सफरचंद लिंबाच्या रसाने पांढरे राहते, म्हणून पुदिनाही हिरवा राहील असे समजून दोन्ही एकत्र वाटले जातात आणि तासाभरात त्याचा रंग खाकी होतो. आम्लामुळे हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि हिरवा रंग मळकट पडतो. पुदिना वेगळा ठेवून, पाने नुसती चुरडून, देण्याच्या वेळी घालणे हाच उपाय.

थर दाटपणामुळे राहतात?

थर लावताना दाट द्रव खाली आणि पातळ वर, असा नियम सांगितला जातो. तो चुकीचा आहे. तेल पाण्याहून दाट असूनही तरंगते. थर ठरतो घनतेवरून, आणि सरबतांची घनता मुख्यतः साखरेवरून. ६५ टक्के साखरेच्या सिरपची घनता सुमारे १.३२, संत्र्याच्या रसाची सुमारे १.०४५ आणि पाण्याची किंवा साध्या सोड्याची १ च्या आसपास. म्हणून तळाशी अमृत कोकम, मध्ये संत्र्याचा रस आणि वर बिनसाखरेचा गोकर्णाचा निळा अर्क, असा लाल-केशरी-निळा ग्लास सहज जमतो. केशरी आणि निळ्याच्या सीमेवर संत्र्याच्या आम्लाने जांभळी रेघ उमटते. क्रम उलटा केला तर सिरप तळाशी जाताना सगळे ढवळून टाकते आणि मळका तपकिरी रंग उरतो.

आधी ग्लास बर्फाने भरावा आणि प्रत्येक थर चमच्याच्या पाठीवरून हळू सोडावा. बर्फाने धार मोडते, आणि तो वितळून सुटणारे पाणी हलके असल्याने वरच्या थरातच राहते. सोडा शेवटी, आणि थंडच: कार्बन डायऑक्साइड शून्य अंशाच्या आसपास पाण्यात जितका विरघळतो, त्याच्या निम्माच २५ अंशांना विरघळतो. कोमट सोडा ओतल्यास फेसासह थरही जातात.

मधुमेही पाहुण्यांसाठी साखरेऐवजी स्टीव्हिया वापरून तेच थर लावता येतील असे वाटते, पण ते जमत नाही. स्टीव्हिया इतके थोडे लागते की त्याने घनता वाढतच नाही. गाईच्या दुधाचा पांढरा थर कोकमावर किंवा लिंबावर सोडला तर तो फाटतो. दुधातले केसिन सामू ४.६च्या सुमारास साकळते. दूध हवेच असेल तर ते गुलाबासारख्या आंबट नसलेल्या सिरपवरच घ्यावे.

बर्फ, धूर आणि ‘शून्य’ मद्य

गोठवल्याने जंतू मरतात, ही समजूत घातक आहे. ते बहुतांशी निपचित पडतात आणि बर्फ वितळला की पुन्हा सक्रिय होतात. मासळी आणि औषधे थंड ठेवण्यासाठी बनवलेला बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८मध्ये अखाद्य बर्फाला निळी छटा देणे बंधनकारक केले. तेव्हा विकत आणलेल्या लादीला निळसर झाक दिसली तर तो सजावटीचा बर्फ समजू नये. निळे खडे हवेच असतील तर गोकर्णाचा अर्क उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून घरी गोठवावा.

ग्लासातून धूर काढणारा ड्राय आइस हा साधा बर्फ नव्हे. तो उणे ७८.५ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड आहे. दिसणारा पांढरा धूर हवेतल्या बाष्पाचा असतो, खुद्द वायू दिसत नाही, आणि बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो. तुकडा गिळला गेल्यास तोंड, अन्ननलिका व जठर भाजल्यासारखे जखमी होतात. मार्च २०२४मध्ये गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात मुखवास समजून ड्राय आइस खाल्लेल्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा धोका आणखी मोठा. २०१२मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर इथे ते घातलेले पेय प्यायलेल्या अठरा वर्षांच्या मुलीचे जठर शस्त्रक्रिया करून काढावे लागले. धूर हवाच असेल तर ड्राय आइस बाहेरच्या मोठ्या भांड्यात ठेवावा आणि पिण्याचे भांडे त्याच्या आत. पिण्याच्या ग्लासात तो टाकूच नये.

मद्यविरहित म्हणजे मद्य शून्य, हेही नेहमी खरे नसते. भारतीय मानकांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्य ठरते. त्याखाली अंश असू शकतो. आंबवून केलेला कोंबुचा या सीमेच्या आसपास असतो. काही मॉकटेलमध्ये थेंबभर घातल्या जाणाऱ्या अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असते. थेंबांमुळे नशा येत नाही, पण धर्मामुळे, औषधोपचारामुळे किंवा व्यसनमुक्तीमुळे मद्य वर्ज्य असलेल्या पाहुण्याला ते आधी सांगायला हवे.

मद्य नाही म्हणजे आरोग्यदायी?

६५ टक्के साखरेच्या सिरपचे ३० मिलिलिटर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम वजन आणि त्यात २६ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, शक्यतो ५ टक्क्यांखाली. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. फळांच्या रसातली साखरही याच हिशेबात धरली जाते, ताज्या रसातलीसुद्धा. म्हणजे वर रस किंवा गोड शीतपेय ओतण्याआधीच दिवसाचा २५ ग्रॅमचा कोटा एका ग्लासात संपतो. रंगासाठी एवढ्या सिरपची गरज नसते. उंच, अरुंद ग्लासात १५ मिलिलिटर सिरपचाही थर ठसठशीत दिसतो, आणि वर गोड शीतपेयाऐवजी साधा सोडा घेतल्यास थर उलट अधिक स्पष्ट उठतात, कारण दोन्ही द्रवांच्या घनतेतला फरक वाढतो.