घरगाडीने ऑर्कनीच्या बेटांवर

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, ५९ उत्तर अक्षांशाच्या आसपास, ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. लहानमोठी बेटे सुमारे ७०. त्यांतील वीसएक बेटांवर मनुष्यवस्ती असून सर्व मिळून लोकसंख्या २२,००० च्या घरात आहे. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने कन्येच्या हुंड्यापोटी ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली, आणि ती सोडविण्याचा योग पुढे कधी आलाच नाही! जूनमध्ये येथे दिवस अठरा तासांहून मोठा असतो. त्या दिवसांत पुष्कळ प्रवासी कॅम्परव्हॅन घेऊन येतात. निजण्याची व रांधण्याची सोय असलेली ही मोटार. आम्ही तिला घरगाडी म्हणू.

घरगाडी कितीही ऐसपैस असली तरी तिला पोहता येत नाही. स्कॉटलंड आणि ऑर्कनी यांच्यामध्ये पेंटलंडची सामुद्रधुनी आहे. तिच्या एका बाजूस अटलांटिक महासागर, तर दुसऱ्या बाजूस उत्तर समुद्र. दोहोंच्या भरतीची वेळ एक नसल्यामुळे पाणी या चिंचोळ्या वाटेने इकडून तिकडे धाव घेते, आणि त्या ओघाचा वेग काही ठिकाणी ताशी १२ सागरी मैलांहूनही अधिक होतो. स्क्रॅब्स्टर बंदरातून निघालेली मोठी बोट हे पाणी ओलांडून दीड तासात स्ट्रोमनेसला लागते.

या सामुद्रधुनीतच स्ट्रोमा नावाचे एक बेट आहे. १९०१ साली तेथे ३७५ माणसे राहत होती. बोट सुरक्षित लागेल असा धक्का मात्र नव्हता. तो १९५० नंतरच्या दशकात बांधला गेला. पण तोवर तरुण मंडळी पोटापाण्यासाठी निघून जाऊ लागली होती, आणि १९६२ साली शेवटचे मूळ रहिवासीही बेट सोडून गेले. आज तेथे ओस घरे उभी आहेत व मेंढ्या चरत आहेत. ऑर्कनीत बोटीला केवढे महत्त्व आहे हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने स्ट्रोमाची ही हकीगत ध्यानात ठेवावी.

मुख्य बेटास मेनलँड म्हणतात. तेथे स्कारा ब्रे हे सुमारे ५००० वर्षांपूर्वीचे दगडी घरांचे गाव आहे. १८५० च्या वादळाने वरची वाळू उडाली आणि ते उघडे पडले. त्याविषयी स्वतंत्र लेखच हवा; आपण दक्षिणेकडे वळू. १९३९ च्या ऑक्टोबरात जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या आरमारी तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडविली. आठशेहून अधिक नाविक मृत्यू पावले. पुन्हा तसा प्रवेश होऊ नये म्हणून पूर्वेकडील चार खाड्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बुजविण्यात आल्या. कामावर इटालियन युद्धकैदी होते. कैद्यांस लष्करी कामास जुंपणे नियमबाह्य, म्हणून हे बंधारे बेटे जोडणारे रस्ते होत, असे सांगण्यात आले. सबब अखेर खरी ठरली! बरे व साउथ रोनाल्डसे ही बेटे आज मोटारीच्या वाटेवर आहेत.

उत्तरेकडील बेटांना मात्र असा रस्ता नाही. तेथे गाडी बोटीनेच न्यावी लागते. मांडवीवरील दिवाडच्या फेरीबोटीप्रमाणे येथेही वाहने थेट बोटीत चढतात. घरगाडी नेणाऱ्याने लांबी आधी कळवून जागा राखावी, व चढण्यापूर्वी स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बंद करावी. काही छोट्या बोटींवर गाडी उलटी चढवावी लागते. त्या वेळी नवख्याची त्रेधा पाहण्यासारखी असते. बोटीत शेजारी गुरे भरलेली मालमोटार असणे संभवते. येथील शेतकऱ्याचे मुख्य धन गुरे हेच, आणि त्यांच्या बाजाराची वाट या बोटीतूनच जाते. सहलीला आलेल्यांनी आपली सोय मागावी, पण ही बोट प्रथम त्या गुरांची, शाळकरी मुलांची व आजाऱ्यांची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'अर्ल सिगुर्ड', 'अर्ल थॉर्फिन' या जुन्या नॉर्स सरदारांच्या नावांच्या बोटी १९९० पासून राबत आहेत. त्यांच्या जागी नव्या आणण्यासाठी पैसा कोठून यावा, हा तेथील लोकांचा मोठा घोर आहे.

अगदी उत्तरेचे बेट नॉर्थ रोनाल्डसे. १८३२ साली तेथे बेटाभोवती दगडी कुंपण घातले गेले. आतले गवत इतर जनावरांस राहावे म्हणून मेंढ्यांना कुंपणाबाहेर किनाऱ्यावर ठेवतात, आणि त्या समुद्रशेवाळ खाऊन जगतात. या बेटाच्या धक्क्यावर गाडी हाकत उतरविण्याची सोय नाही. वाहन यारीने उचलून खाली ठेवावे लागते. म्हणून घरगाडी किर्कवॉललाच ठेवून पायउतार व्हावे. परतीची बोट रोज नसते. शिधा एखाद्या दिवसाचा अधिकच बरोबर घ्यावा.