शिपाई खर्ड्यात, कागद बेळगावात

फौजेच्या दफ्तरी भाषेत लग्न ही ‘कॅज्युअल्टी’ असते. मुलगा झाला, कॅज्युअल्टी. रजेवर गेला, बढती मिळाली, इस्पितळात दाखल झाला, सगळ्या कॅज्युअल्टीच. हा शब्द ऐकला की आपल्यासमोर रक्त आणि स्ट्रेचर येतं. पलटणीतल्या कारकुनाला त्यात ‘नोंद घ्यायची घटना’ एवढंच दिसतं. ही नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या आदेशात निघते, आणि ती निघेपर्यंत फौजेच्या लेखी काही घडलेलंच नसतं. जामखेडच्या मांडवात अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वरात घरी पोचली, तरी ऑर्डर निघेपर्यंत शिपाई ब्रह्मचारी!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी हसलो. मग जरा विचार केला आणि चक्रावलो. म्हणजे प्रत्येक जवानाला दोन आयुष्यं असतात. एक तो जगतो. दुसरं त्याच्याबद्दल लिहिलं जातं, तेही तो कधी पाहणार नाही अशा गावात. तो घरी परतल्यावर पेन्शन मिळते ती या दुसऱ्या आयुष्याला. पहिल्यात आणि दुसऱ्यात एका अक्षराचा फरक पडला, तर आधी खोटा ठरतो तो जिवंत माणूस.

हे दुसरं आयुष्य राहतं कुठे? ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. जामखेड तालुक्यातल्या एकाच बांधाच्या अल्याडपल्याड दोन माजी सैनिक ज्वारी पेरत असतील, तर मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याचा कागद बेळगावात असतो आणि महार रेजिमेंटवाल्याचा मध्य प्रदेशात सागरला. तिसरा तोफखान्यातला असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सवाला असेल तर खडकी, सिग्नलवाला जबलपूर, मेडिकल कोअरवाला लखनौ. रणगाड्यांवरचा किंवा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीतला मात्र नशीबवान. त्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्याच जिल्ह्याच्या गावी, नगरला, जामखेडहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. म्हणून सैनिक बोर्डात गेलं की साहेब नाव विचारायच्या आधी ‘रेजिमेंट कोणती?’ असं विचारतात. (पाटीवर ‘जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय’ असं लिहिलेलं असतं, पण जुन्या फौजींच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च आहे.)

या कागदांत सगळ्यांत गुंतागुंतीचा कागद रिझर्व्हमधून निवृत्त झालेल्या शिपायाचा. १९६० च्या दशकात भरती झालेल्या अनेक जवानांची नोकरी दोन तुकड्यांत असे. पहिली काही वर्षं ‘कलर’ सर्व्हिस. कलर म्हणजे पलटणीचं निशाण. निशाणाखाली उभं राहायचं ते दिवस. पुढची वर्षं ‘रिझर्व्ह’. म्हणजे घरी जा, पेरणी करा, पोरं शाळेत घाला, पण बोलावणं आलं की हजर व्हा. राखीव सैन्याची ही कल्पना कायद्यात १८८८ सालीच आली होती. ‘सात अधिक आठ’ हा हिशेब त्या पिढीतले म्हातारे अजून बोटांवर मोजून दाखवतात. सात वर्षं बंदूक, आठ वर्षं नांगर, बेरीज पंधरा.

या पंधरात सगळी गंमत आहे आणि सगळी जीवघेणी अडचणही. कलर आणि रिझर्व्ह मिळून किमान पंधरा वर्षं भरली की रिझर्व्हिस्टला पेन्शन. सैन्याच्या १९६१ च्या पेन्शन नियमांनुसार ती शिपायाच्या सगळ्यांत कमी पेन्शनच्या दोन तृतीयांश. एके काळी तिचा तळ महिना ३७५ रुपये होता. २०१६ पासून केंद्राच्या पेन्शनचा किमान आकडा ९,००० रुपये आहे. पंधरा भरली नाहीत तर महिन्याचे ९,००० सोडाच, ९ रुपयेही नाहीत. हातावर एकदाच ग्रॅच्युइटी ठेवायची आणि राम राम म्हणायचं.

आता समजा, जामखेड तालुक्यातल्याच खर्ड्याचा, मराठा लाइट इन्फंट्रीतला एक जवान १० मार्च १९६५ ला भरती झाला. ९ मार्च १९८० ला त्याची पंधरा वर्षं पुरी होतात. टंकताना ८० च्या जागी ७९ पडलं. यंत्राची दोन बटणं, माणसाच्या आयुष्यातलं एक अख्खं वर्ष. तो माणूस ते वर्ष जगलाय, त्याची ज्वारी त्या वर्षी निघालीय, पण कागदात ते वर्ष नाही. मग पेन्शनही नाही.

पेन्शनचं अंकगणित मात्र आपल्या शाळेतल्यापेक्षा दयाळू आहे. सेवेचे वरचे ३ महिने अर्ध्या वर्षाला चढतात आणि ९ महिने भरले की पूर्ण वर्ष धरलं जातं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नौदलातल्या एका खलाशाचं प्रकरण होतं. त्याची सेवा १३ वर्षं १० महिन्यांहून थोडी जास्त भरत होती. वरचे १० महिने म्हणजे एक वर्ष, झाली चौदा. एका वर्षाची तूट माफ करायची तरतूद होती, ती लावली. झाली पंधरा. आमच्या गणिताच्या मास्तरांनी अशा उत्तराला शून्य दिलं असतं, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन दिली.

नौदलाची आणखी एक कथा याहून चमत्कारिक. तिथे दहा वर्षं जहाजावर आणि दहा वर्षं ‘फ्लीट रिझर्व्ह’मध्ये, असा करार असे. ३ जुलै १९७६ रोजी सरकारने रिझर्व्हमध्ये पाठवणंच बंद केलं. ज्यांनी वीस वर्षांच्या हिशेबाने सही केली होती त्यांची पुढची दहा वर्षं सुरू व्हायच्या आधीच संपली. यात कारकुनाची चूक नव्हती, खलाशाचीही नव्हती. पायाखालची फळीच काढली होती. प्रकरण टी. एस. दास यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला २०१६ मध्ये, म्हणजे फळी काढल्यावर चाळीस वर्षांनी. रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळणार नाही, पण या धोरणामुळे बाहेर पडावं लागलेल्यांना विशेष पेन्शन द्या, असं न्यायालयाने सांगितलं.

टेरिटोरियल आर्मीची तऱ्हा तिसरीच. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते सुरू झालेली ही अर्धवेळ फौज. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिच्या बटालियन पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. इथे माणूस एरवी आपल्या धंद्या-नोकरीत असतो आणि बोलावलं की वर्दीत. जवानाला पेन्शनसाठी वर्दीतली, ‘एम्बॉडीड’, सेवा मोजून पंधरा वर्षं लागतात. मधले घरचे दिवस धरत नाहीत. म्हणजे गोधडीसारखे तुकडे जोडायचे. प्रत्येक तुकड्याला ‘आला’ आणि ‘गेला’ अशा दोन नोंदी. एक नोंद गळली की गोधडीला भोक.

पण तारखांपेक्षा जास्त चुका होतात त्या नावांत, आणि इथे मला राग येण्याऐवजी भाषेचं कौतुक वाटतं. भरतीच्या टेबलापलीकडचा कारकून पंजाबी, तमिळ, बिहारी, कुणीही असू शकतो. आपण म्हणतो ‘ज्ञानेश्वर’. मराठी माणूस इंग्रजीत ते डी-एन-वाय असं सुरू करतो, हिंदी भाषक ‘ग्या’ ऐकतो आणि जी-वाय लिहितो. झाली दोन माणसं! ‘ळ’ तर ना हिंदीत, ना इंग्रजीत. म्हणून खर्ड्याचा काळे रेकॉर्डात काले होतो आणि रंगाने तोच राहूनही आडनावाने बदलतो. शिवाय आपल्या नावाचं तिहेरी सूत्र, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. देशाच्या अर्ध्या भागाला ते कळत नाही. मधलं नाव कधी गळतं, तर कधी तेच आडनाव होऊन बसतं.

आणि बायकोचं नाव! त्या पिढीत लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलायचं. माहेरची सखू सासरी लक्ष्मी. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, मतदार यादीत ‘बाई’ लावून तिसरं. जवान रजेवरून परतून पत्नीची नोंद करताना घरात जे नाव हाक मारायला होतं तेच सांगून मोकळा झालेला. चाळीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटत नाही. मग जवान वारतो, आणि कुटुंब पेन्शनच्या अर्जावर लक्ष्मीला ती सखू आहे हे सिद्ध करावं लागतं.

जन्मतारखेचंही तसंच. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी हिशेबाला सोपी म्हणून तीच तारीख टाकली. शाळेत न गेलेल्या बायकांच्या आधार कार्डावर कित्येकदा नुसतं साल. हा तपशील किरकोळ वाटतो, पण पेन्शनर किंवा त्याची विधवा ८० वर्षांची झाली की पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की दुप्पट. जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या हुकमावर, पत्नीची जन्मतारीखच नसेल तर ती कागदोपत्री म्हातारी होत नाही. पाठीत वाकलेली, दात पडलेली बाई दफ्तरात मात्र बिनवयाची!

मग दुरुस्ती कशी होते? जे लिहिलं गेलंय ते खोडत नाहीत. अर्ज, प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे, नावबदल असेल तर वर्तमानपत्रातली जाहिरात, असा जुडगा बोर्डामार्फत किंवा थेट रेकॉर्ड ऑफिसला जातो. तिथे जवानाचा जुना शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदींचा कागद, बाहेर काढतात, ताडून पाहतात. नोंद पटली की प्रकरण निघतं प्रयागराजला. सैन्याच्या पेन्शनचं मुख्य लेखा कार्यालय तिथे आहे, आणि त्याचा पत्ता ऐकून मी थक्क झालो: द्रौपदी घाट. तिथून ‘कॉरिजेंडम पीपीओ’ निघतो. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे ना, ‘अमुक ऐवजी तमुक वाचावे’, अगदी तसंच. पुस्तकातलं शुद्धिपत्र कुणी वाचत नाही, हे मात्र खजिना वाचतो. चुकीचा हुकूम फाडत नाहीत, तो राहतो. त्याच्यावर शुद्धिपत्र बसतं, पुढे त्यावर आणखी एखादं. अलीकडे हे सगळं ‘स्पर्श’ नावाच्या संगणक प्रणालीत गेलंय, पण तत्त्व तेच. फक्त जुन्या कागदांतली चूक आता ठळक टाइपात पडद्यावर दिसते.

उशीर झाला म्हणून हक्क जातो का? २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मांडलेला विचार मला फार सुरेख वाटतो. चुकीची पेन्शन ही चालू राहणारी चूक आहे, ती दर महिन्याला नव्याने घडते. म्हणून उशिरानेही दाद मागता येते, मागची थकबाकी मात्र साधारणपणे तीन वर्षांपुरतीच. अशी दाद मागायला २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आलं आणि महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

दफ्तरातल्या चुका परदेशातही होतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापर्यंत एकेका शिपायाच्या नोंदीतली चूक सुधारायला संसदेत खाजगी विधेयक आणत. एका माणसाच्या एका तारखेसाठी कायदा! १९४६ मध्ये त्यांनी ते बंद करून दुरुस्ती मंडळं नेमली. पण १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या दफ्तरखान्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. मग दुरुस्त काय करणार? इतर सरकारी दफ्तरांतल्या नोंदी गोळा करून जमेल तेवढं दफ्तर पुन्हा उभं करावं लागलं.

खर्ड्याच्या मातीला शिपायाच्या कागदांचा हा प्रश्न नवा नाही. मार्च १७९५ मध्ये इथे मराठे आणि निजाम भिडले. पेशवाईत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ नावाची नेमणूक मिळायची, आणि अशा नेमणुकांचे हिशेब मोडी लिपीत पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा भेद नसतो, त्यामुळे वेलांटीच्या चुकीने कुणाची बालपरवेशी अडली नसावी असं आपलं मला वाटतं.

आजच्या फौजेतले कागद जायला मात्र आपल्याकडे सेंट लुईससारखी आग लागायचीही गरज नसते. पेन्शन न मिळालेल्या जवानाचा शीट रोल नियमानुसार २५ वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. उरतो तो ‘लाँग रोल’, ज्यात एका माणसाची सगळी नोकरी दोन-चार ओळींत. म्हणजे ज्याची पंधरा वर्षं चुकून चौदा लिहिली गेली आणि त्यामुळे पेन्शन नाकारली गेली, नेमके त्याचेच कागद आधी जातात. १९८० मध्ये रिझर्व्हमधून सुटलेल्या त्या आपल्या समजा-जवानाची फाईल २००५ नंतर बेळगावात सापडायची नाही. सापडलं तर डिस्चार्ज बुक सापडेल, खर्ड्यातल्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. त्यात भरतीची तारीख, सुटकेची तारीख, आणि अठराव्या वर्षी कुणीतरी निरखून लिहिलेली ओळखीची खूण असते: डाव्या गालावर तीळ.